उन्हाळ्यातलं आभाळ, गार वारा आणि गारा: मराठवाड्याच्या हवामान अंदाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळीपासून मृगापर्यंत हे प्रश्न दरवर्षी येतात. बरेचसे प्रश्न आभाळ भरून आल्यावर येतात, काही नुकसान होऊन गेल्यावर. आजचा अंदाज इथे मिळणार नाही, तो भारतीय हवामान विभागाकडूनच घ्यावा. तो कसा वाचायचा, त्यातल्या कुठल्या शब्दावर किती विसंबायचं आणि आभाळ आल्यावर आधी काय झाकायचं, एवढंच इथे आहे.

अंदाजात "मराठवाडा" म्हणतात तेव्हा नेमके कोणते जिल्हे धरतात?

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली आणि नांदेड हे आठ. हवामान विभागाने देशाचे 36 उपविभाग केले आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले चार येतात: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. मराठवाड्याचा अंदाज मुंबईचं प्रादेशिक केंद्र देतं, विदर्भाचा नागपूरचं.

ढग मात्र जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. आष्टी किंवा परांड्याच्या माणसाने अहिल्यानगर-सोलापूरचा, म्हणजे मध्य महाराष्ट्राचा इशाराही बघावा. किनवट, माहूर, कळमनुरीकडच्यांनी यवतमाळ-वाशीमचा बघावा. आपल्या जिल्ह्याच्या इशाऱ्याचा रंग हिरवा आणि शेजारच्याचा नारिंगी असेल (रंगांचा अर्थ पुढे आहे), तर हद्दीवरच्या गावांनी स्वतःला नारिंगीतच धरलेलं बरं.

मेलबर्नला असलेला मुलगा सांगतो, तिकडे उन्हाळ्यात "कोल्ड फ्रंट" आला की तासाभरात पारा पंधरा अंशांनी उतरतो. आपल्याकडे तसा फ्रंट येतो का?

नाही. भूगोलाच्या पुस्तकात जिला शीत आघाडी म्हणतात ती समशीतोष्ण पट्ट्यातली गोष्ट आहे. ध्रुवाकडून येणारी जड, थंड हवा आणि उष्ण कटिबंधातली हलकी, गरम हवा यांच्यामधली ती सीमारेषा. ती शेकडो किलोमीटर लांब असते, नकाशावर आखता येते आणि कोणत्या शहरावरून कधी जाणार हे बरंच आधी सांगता येतं. मुलगा सांगतो ते खरं आहे. 7 फेब्रुवारी 2009 ला मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर गेला होता आणि संध्याकाळी अशी आघाडी पोचल्यावर तो झपाट्याने उतरला. पण त्याच वेळी वाऱ्याची दिशा बदलली आणि व्हिक्टोरिया राज्यात पेटलेले वणवे नव्या बाजूला धावले. तिथला गार वारा हा निव्वळ दिलासा नसतो.

मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस अंश उत्तर अक्षांशात येतो. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंची हवा तापलेलीच असते, त्यामुळे जमिनीलगत शीत आघाडी तयार व्हायला लागणारा फरक इथे नसतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंडीची लाट उतरते ती वेगळी. उन्हाळ्यात मात्र "कोल्ड फ्रंट येतोय, तीन दिवस गारवा" असा मेसेज फिरत आला तर तो पुढे पाठवू नका.

मग चार वाजता अंगावर येणारा तो गार वारा कुठून येतो?

ढगातून. सकाळपासून तापलेल्या जमिनीवरून गरम, दमट हवा वर चढते. ढग दहा-बारा किलोमीटर, कधी त्याहूनही उंच जातो. त्यातून पाऊस पडायला लागला की काही थेंब वाटेतच वाळतात. वाळताना ते आजूबाजूच्या हवेतली उष्णता घेतात. ती हवा गार आणि जड होते आणि जोरात खाली कोसळते. पातेल्यातलं पाणी फरशीवर ओतलं की ते चारी बाजूंना पसरतं, तशी ही हवा जमिनीवर आदळून पसरते. त्या पसरणाऱ्या हवेची पुढची कड म्हणजे आपला वादळी वारा. आधी धूळ, मग वावधान, मग ओल्या मातीचा वास आणि पाठोपाठ टपोरे थेंब, हा क्रम त्या कडेमुळेच ठरतो.

म्हणजे छोट्या आकाराची शीत आघाडीच ही. फरक असा की ती एका ढगाची किंवा ढगांच्या एका रांगेची असते, तिचा पसारा काही किलोमीटर ते काही तालुके एवढा आणि आयुष्य तास-दोन तासांचं. पारा आठ-दहा अंशांनी उतरू शकतो, पण तुमच्या गावात उतरेल आणि पलीकडच्या गावात उतरणारही नाही. या पानावरच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचं मूळ इथे आहे. मोठी आघाडी येणार असती तर दोन दिवस आधी वेळ सांगता आली असती. इथे दोन दिवस आधी फक्त शक्यता कळते. वेळ आणि गाव कळायला ढग उभा राहावा लागतो.

एक लक्षात ठेवा: पाऊस तुमच्यापासून अजून आठ-दहा किलोमीटर लांब असतानाच हा वारा पोचतो. पत्रे उडतात ते पावसाने नाही, या वाऱ्याने. "थेंब पडायला लागले की आवरू" म्हणणारा नेहमी उशीर करतो.

बातम्यांत "पश्चिमी विक्षोभ" येतं. तो हिमालयात पाऊस-बर्फ आणतो ना? आपला काय संबंध?

पश्चिमी विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचे फिरते पट्टे, भूमध्य समुद्राच्या बाजूने उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत सरकत येतात. त्यांचा खरा मुक्काम काश्मीर, हिमाचल, पंजाबकडेच. पण फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या विक्षोभाची शेपटी, म्हणजे वरच्या वाऱ्यातला द्रोणीसारखा वाक, बराच दक्षिणेला मध्य भारतापर्यंत उतरतो. त्याच्यासोबत पाच-सहा किलोमीटर उंचीवर थंड हवा येते. खाली अडतीस-चाळीस अंशांनी तापलेली जमीन आणि वर नेहमीपेक्षा थंड हवा. वातावरण अस्थिर होतं आणि वर निघालेला ढग थांबत नाही.

म्हणजे उत्तरेतली थंडी आपल्याकडे येते, पण डोक्यावरून. अंगाला ती जाणवत नाही, गारांच्या रूपाने कळते.

आणि ओलावा? मराठवाड्यात तर एप्रिलमध्ये ओठ फुटतात.

बरोबर, म्हणूनच रोज पाऊस होत नाही. वायव्येकडून कोरडे वारे चालू असले की नुसतं तापतं आणि आभाळ निळं राहतं. अंदाजात "विदर्भापासून मराठवाडा, अंतर्गत कर्नाटक ते तामिळनाडूपर्यंत कमी दाबाचा पट्टा" किंवा "वाऱ्यांची खंडितता" असं वाचायला मिळालं की कान टवकारावेत. जमिनीपासून साधारण एक किलोमीटर उंचीवर या रेषेच्या एका बाजूला कोरडे वारे असतात आणि दुसऱ्या बाजूला बंगालच्या उपसागरावरून आलेले दमट दक्षिण-आग्नेय वारे. दोन्ही जिथे भिडतात तिथे हवा वर ढकलली जाते. ही रेषा कधी बीड-धाराशिववर असते, कधी नांदेडच्याही पूर्वेला सरकते. आज लातूर-नांदेड आणि उद्या जालना-संभाजीनगर असा इशारा बदलतो, तो बहुतेक वेळा या रेषेच्या हलण्यामुळे.

अरबी समुद्रावरूनही ओलावा येतो, पण सह्याद्री ओलांडून तो मराठवाड्यात पोचेपर्यंत बराच कमी झालेला असतो.

गारा मार्च-एप्रिलमध्येच जास्त का? मे तर जास्त तापतो.

गार तयार होते ती ढगात शून्य अंशाच्या पातळीपेक्षा उंच, गोठणाऱ्या भागात. जोराचा वर जाणारा झोत थेंबाला उचलून नेतो, तो गोठतो, त्यावर अतिथंड, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेलं, पाणी चिकटून गोठतं आणि वजन झोताला पेलेनासं झालं की गार खाली सुटते. मार्चमध्ये शून्य अंशाची पातळी तुलनेने खाली असते आणि वरून विक्षोभाची थंड हवाही मिळते, त्यामुळे गार जमिनीपर्यंत गार म्हणूनच पोचते. मे महिन्यात ती पातळी वर जाते, खालची हवा जास्त गरम असते आणि लहान गारा वाटेतच वितळतात. मग मेच्या वळवात टपोरे, थंडगार थेंब पडतात. मेमध्ये गारा पडतच नाहीत असं नाही, पण भर रब्बी काढणीच्या वेळची गारपीट जास्त जीवघेणी.

2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत जे झालं ते मराठवाड्यात अजून कोणी विसरलेलं नाही. एक दिवस गारा पडून थांबलं नव्हतं, पुन्हा पुन्हा पडल्या. हरभरा, गहू, ज्वारी, द्राक्षं, मोसंबी, काही उरलं नाही. वरचा थंड द्रोण आणि खालचा ओलावा दोन्ही मुक्काम ठोकून बसले की काय होतं, ते तेव्हा दिसलं.

शेजारच्या गावात गारांचा सडा, आमच्याकडे थेंब नाही. अंदाज चुकला ना?

बहुतेक वेळा नाही. अंदाजातला जागेबद्दलचा शब्द वाचायचा राहून गेलेला असतो. "तुरळक ठिकाणी" म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे पाव ते निम्म्या. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे निम्म्याहून जास्त ते पाऊण आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याच्याही वर. उन्हाळ्यात मराठवाड्यासाठी बहुतेक करून पहिला शब्द येतो. म्हणजे शंभर गावांपैकी पंचाहत्तर किंवा जास्त गावं कोरडी राहणार, हे अंदाजातच लिहिलेलं असतं. चावडीवर बसून हवामान खात्याला नावं ठेवण्याआधी तेवढा शब्द बघावा.

यलो, ऑरेंज, रेड: रंगांचा अर्थ काय?

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हाला. रंग किती मिलिमीटर पडेल एवढ्यावरच ठरत नाही. विजा, वाऱ्याचा वेग, गारा आणि त्यांचा लोकांवर होणारा परिणाम बघूनही ठरतो. त्यामुळे उन्हाळ्यातला पिवळा आणि ऑगस्टमधला पिवळा यांची बरोबरी करू नये. ऑगस्टमध्ये पिवळा असला तरी फवारणी पुढे ढकलून भागतं. एप्रिलमध्ये पिवळा असेल आणि हळद खळ्यावर उघडी असेल, तर तो तुमच्यासाठी नारिंगीच.

किती दिवस आधी खात्रीने कळतं?

खात्री हा शब्द बाजूला ठेवून टप्प्याटप्प्याने वाचा.

दर गुरुवारी हवामान विभाग पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यावरून पुढचा आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा, एवढा सुगावा लागतो. हळद शिजवायला कधी घ्यायची, मळणीयंत्र कधी सांगायचं, हे ठरवायला तो पुरतो. पुढचा टप्पा जिल्हावार इशाऱ्याचा, येत्या चार-पाच दिवसांचा. त्यावर काढलेला माल उघड्यावर ठेवायचा की नाही, हे ठरवा. यात पहिल्या दोन दिवसांवर जास्त भिस्त ठेवा, चौथ्या-पाचव्या दिवसावर कमी. शेवटचा टप्पा तीन तासांच्या तात्काळ अंदाजाचा. "पुढील तीन तासांत परभणी, हिंगोलीच्या तुरळक ठिकाणी विजांसह, 40 ते 50 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासह" असा तो असतो आणि ढग रडार-उपग्रहावर दिसायला लागल्यावर येतो. माणसं आणि जनावरं कुठे असावीत, हे त्याच्यावर ठरतं.

लोक करतात उलटं. चार आठवड्यांच्या अंदाजात तारीख शोधतात आणि तीन तासांचा मेसेज रात्री जेवताना उघडतात.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी पीक सल्ल्यासह पत्रक निघतं. हवामान विभागाचा अंदाज आणि आपल्या जमिनीवरचं पीक यांची सांगड त्यात घातलेली असते. एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर तीच वाचा.

मोबाइलवर उद्या पाच वाजता पावसाचं चित्र दाखवतंय. धरून चालू का?

नाही. फोनमधलं ते चित्र संगणकाच्या गणितातून आपोआप आलेलं असतं, त्यावर कोणा हवामानतज्ज्ञाची नजर फिरलेली असेलच असं नाही. उन्हाळी ढगाचा तास आणि गाव आदल्या दिवशी सांगता येत नाही, चित्र कितीही ठसठशीत असो. त्याऐवजी "मौसम" आणि "मेघदूत" ही सरकारी अ‍ॅप ठेवा. विजेसाठी "दामिनी" ठेवा. ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे आणि तुमच्या 20 ते 40 किलोमीटर परिसरात वीज पडत असेल तर सांगतं.

रडारची चित्रं बघायची सवय असेल तर उत्तमच. नांदेड-लातूरचे ढग हैदराबादच्या रडारच्या कडेला दिसतात. पण रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल. दोनशे किलोमीटरवरच्या ढगाचा फक्त वरचा भाग त्याला दिसतो, खाली काय चाललंय ते सुटतं. तिथे रंग फिका दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

पाऊस पडून गेला, पण रात्री उकाडा उलट वाढला. असं का?

जमिनीतून वाफ उठते, ढगांचं पांघरूण उष्णता अडवतं आणि वारा पडलेला असतो. पारा कमी दाखवतो, पण घाम वाळत नाही. पत्र्याच्या घरात ही रात्र सगळ्यात वाईट जाते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर पाणी, ताक, मीठ-साखर चालू ठेवा. पारा उतरला म्हणजे उष्माघाताची भीती सरली, असं नाही.

गारवा टिकतो किती?

एका ढगाचा गारवा रात्रीपुरता. दुपारपासून आभाळ झाकलेलं राहिलं तर तीन-चार दिवस कमाल तापमान दोन-तीन अंशांनी कमी राहतं. नंतर पट्टा सरकतो, कोरडे वायव्य वारे परततात आणि पारा पूर्वीपेक्षा वर जाऊ शकतो. मेमध्ये परभणी-नांदेडला 42-44 अंश हे नवल नाही. उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात किमान 40 अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा थेट 45 अंश लागतात. त्यामुळे 42 अंशांना "लाट" जाहीर झाली नाही म्हणून दुपारी रानात राबायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका.

इशारा आलाय आणि हाताशी माणसं कमी. आधी काय झाकायचं?

ज्याची किंमत भिजल्यावर परत येत नाही ते.

हिंगोली, वसमत, अर्धापूर पट्ट्यात पहिला नंबर हळदीचा. शिजवलेली हळद वाळत असताना भिजली की रंग जातो, बुरशी धरते आणि बाजारात तिला कोणी विचारत नाही. न शिजवलेले कंद भिजले तर तेवढं बिघडत नाही. म्हणून पाच दिवसांच्या अंदाजात इशारा दिसत असेल तर शिजवणं थांबवा, काढून ठेवलेले कंद सावलीत झाकून ठेवा. शिजवून खळ्यावर पसरलेली असेल तर दुपारी तीनच्या आत ढीग करून ताडपत्री टाका आणि ताडपत्रीच्या कडांना दगड लावा. खळ्याच्या वरच्या बाजूने चर काढलेला नसेल तर पाणी खालून शिरतं आणि वर झाकलेलं सगळं वाया जातं. हे दरवर्षी होतं.

दुसरा नंबर ज्वारीचा. काढून पडलेली कणसं भिजली की दाणा काळा पडतो, भाव पडतो, भाकरीलाही चव राहत नाही. आणि कडबा विसरू नका. धान्याची भरपाई कुठूनतरी होते, पण काळा पडलेला कडबा जनावर तोंडात धरत नाही आणि पुढचे तीन महिने विकतचा चारा आणावा लागतो. वळई रचताना वरून उतार ठेवा, शेंडे आत आणि बुडखे बाहेर, म्हणजे पाणी निथळून जातं.

काढलेला हरभरा, गहू हे ताडपत्रीचे पुढचे मानकरी. कांदा काढून पातीसह पडलेला असेल तर गोळा करून पातीनेच झाकायची जुनी रीत हलक्या सरीला पुरते, गारांना नाही.

केसर आंब्याच्या बागेत वाऱ्यापुढे फार काही चालत नाही. पाडाला आलेली फळं इशारा दिसताच उतरवून घ्या. कोवळ्या फळांची गळ होणारच. मोसंबीत गार लागलेली फळं आणि मोडलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी काढून टाका आणि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे बुरशीनाशक फवारा, नाहीतर जखमेतून रोग आत जातो. जोरदार वाऱ्याच्या दिवशी फवारणी आणि पाणी देणं दोन्ही टाळा. ओल्या जमिनीत केळी आणि पपई लवकर आडवी होतात.

गारा पांगवणारी तोफ घ्यावी का?

पैसे वाया जातील. मोठा आवाज करून ढगातल्या गारा मोडता येतात याला शास्त्रीय आधार नाही, जागतिक हवामान संघटनेचंही तेच म्हणणं आहे. द्राक्षं किंवा डाळिंबासारखी महागडी बाग असेल तर गारपीटरोधक जाळीचा खर्च निदान समजण्यासारखा आहे.

वीज कडाडत असताना रानात असलो तर?

झाडाखाली जायचं नाही. मराठवाड्यात वीज पडून गेलेली माणसं आणि जनावरं पुष्कळदा झाडाखाली सापडतात, आणि दरवर्षी हे सांगूनही लिंबाखाली बैल बांधलेले दिसतात. झाड उंच असतं, वीज त्यावर पडते आणि मुळांतून जमिनीत पसरते. त्या पसरणाऱ्या विजेने चार पायांचं जनावर लवकर मरतं, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं.

चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. तेवढे किलोमीटर वीज लांब. पण आवाज ऐकू येतोय याचाच अर्थ तुम्ही टप्प्यात आहात, गणित घालत रानात थांबू नका. पक्कं घर किंवा बंद काचांची चारचाकी हे खरे आसरे. आखाड्यावरची चार खांबांची उघडी शेड, पत्र्याचा मंडप, उघडा ट्रॅक्टर हे आसरे नव्हेत. काहीच जवळ नसेल तर सखल जागी, झाड-खांब-तारेच्या कुंपणापासून लांब, पाय एकमेकांना चिकटवून उकिडवे बसा, डोकं खाली घाला. आडवं पडू नका. घोळक्यात असाल तर एकमेकांपासून पांगा. विहिरीत, शेततळ्यात असाल तर लगेच बाहेर या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मगच कामाला लागा.

मोबाइल वीज ओढून घेतो, ही अफवा आहे. चार्जिंगला लावलेला फोन किंवा तारेचा टेलिफोन मात्र वापरू नये.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि कोणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. पहिल्या काही मिनिटांत छाती दाबली म्हणून वाचलेली माणसं आहेत.

तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, महावितरणला 1912 वर कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077.

नुकसान झालं. पंचनामा आणि विमा एकच का?

नाही, दोन वेगळ्या वाटा आहेत आणि इथे बरेच जण फसतात.

पंचनामा महसूल, कृषी आणि ग्रामपंचायतीची माणसं मिळून करतात. त्यातून सरकारी मदत मिळते. त्यासाठी पिकाचं 33 टक्के किंवा जास्त नुकसान लागतं. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, पण गारपिटीला तो आकडा लागत नाही. दहा मिलिमीटर पावसात आलेल्या गारांनीही बाग झोपते. "आमच्या मंडळात पाऊसच कमी नोंदला" म्हणून अर्ज न देता बसू नका.

विम्याची वाट वेगळी. तुमच्या हंगामाच्या आणि पिकाच्या विम्यात गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचं संरक्षण असेल, तर 72 तासांत वैयक्तिक कळवावं लागतं. तलाठ्याने पंचनामा केला म्हणजे विमा कंपनीला कळलं, असं होत नाही. संरक्षणाच्या अटी हंगामागणिक बदलतात, फळपिकांत गारपिटीसाठी वेगळा हप्ताही असतो. पावती आताच काढून वाचा, गारा पडल्यावर नाही.

फोटो लगेच काढा: तारीख-ठिकाण दिसणारे, गारा वितळायच्या आत. गट नंबरची पाटी किंवा ओळखीची खूण मागे येऊ द्या.

इतका पाऊस झाला, जायकवाडीत पाणी आलं असेल ना?

आलं तरी दखल घ्यावी एवढं नाही. जायकवाडीची एकूण क्षमता शंभर टीएमसीच्या वर आहे आणि ते भरतं नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसाळी पाण्यावर. वळवाच्या सरी तापलेली जमीन पिऊन टाकते, नाल्याला पाणी सुटलं तरी ते गावच्या शिवारातच जिरतं. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तशी टंचाई एखाद-दुसऱ्या वळवाने हटत नाही. अवकाळीचा एकच खरा फायदा: नांगरट सोपी जाते.

उन्हाळ्यात अवकाळी जास्त झाला की पावसाळा कमी होतो म्हणतात.

म्हणतात खरं, पण एका जिल्ह्यातल्या अवकाळी सरींवरून मान्सून सांगता येत नाही. मान्सून ठरतो प्रशांत आणि हिंदी महासागराचं तापमान, मोठ्या प्रमाणावरचे वारे अशा गोष्टींवर. हवामान विभाग एप्रिलमध्ये हंगामाचा पहिला अंदाज देतो आणि मेअखेर तो सुधारतो. तो संपूर्ण देशाचा आणि मोठ्या भागांचा असतो, तुमच्या मंडळाचा नव्हे.

रोहिणीत चांगला पाऊस झाला. पेरू का?

थांबा. वळवाचा पाऊस जोराचा असतो पण सलग नसतो. वर दोन बोटं ओल दिसते आणि खाली जमीन गरम असते. बी उगवतं, मग दहा-बारा दिवस ऊन पडतं आणि दुबार पेरणीची पाळी येते. सोयाबीनसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेली की मगच पेरा, ही विद्यापीठाची शिफारस आहे. मराठवाड्यात मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो, आणि पोचल्यावरही लगेच जोर धरेलच असं नाही.

75 मिलिमीटर पाऊस झाला हे मंडळाच्या आकड्यावरून धरू नका, तुमच्या शिवारात मोजा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ उभ्या कडांचा, तळ सपाट असलेला डबा उघड्या जागी, झाड आणि भिंतीपासून लांब, हलणार नाही असा रोवून ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून आतलं पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. साडेआठच, कारण हवामान विभागाच्या 24 तासांच्या नोंदीचीही तीच वेळ आहे आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघता येतात.